संगत कोणती धरावी?
मद्यमुक्तीच्या बैठकीविषयी एक अभ्यासपाठ

दारू वाईट आहे, हे सांगावयास विद्वानाची आवश्यकता नाही. जो पितो त्यालाही ते ठाऊक असते. किंबहुना घरातील इतर कोणाहीपेक्षा त्याला ते अधिक ठाऊक असते. म्हणून दारूचे दुष्परिणाम सांगण्यात प्रस्तुत पाठाची जागा खर्च करावयाची नाही. ज्याने सोडण्याचे मनावर घेतले आहे, त्याने त्या संध्याकाळी सात वाजता कोठे जावे, एवढ्या एकाच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु अनेकांचे निश्चय याच ठिकाणी मोडतात.

१. शपथ आणि संध्याकाळ

माझे वडील पौरोहित्य करतात. नर्मदेच्या पाण्यात उभे राहून, ओंजळीत जल घेऊन दारू सोडल्याची शपथ घेणारे गृहस्थ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांपैकी एकाची हकीकत त्यांच्या अनुमतीने, ओळख पटेल असा तपशील वगळून देतो.

नर्मदाजयंतीच्या दिवशी, माघ शुद्ध सप्तमीस, त्यांनी वडिलांसमोर शपथ घेतली. पत्नी व दोन्ही मुले घाटाच्या पायऱ्यांवर उभी होती. शपथ खोटी नव्हती. त्यांच्या डोळ्यांतील पाणी मी पाहिले आहे. पुढे दोन महिने त्यांनी थेंबास स्पर्श केला नाही. वैशाखात एका लग्नाच्या वरातीत कोणी आग्रह केला, आणि शपथ मोडली. त्यानंतर मनुष्य अधिक प्यावयास लागला. त्याहूनही वाईट गोष्ट अशी, की तो देवळाकडे फिरकेनासा झाला. वडिलांना समोरून येताना पाहिले की गल्ली बदलीत असे. एकदा वडिलांनीच त्यांना गाठून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्याशी बोलायला आता तोंड राहिलं नाही."

हे वाक्य वडिलांच्या जिव्हारी लागले. शपथेचा हेतू मनुष्यास देवाजवळ आणण्याचा. येथे शपथेनेच त्याला देवापासून तोडले होते. त्या दिवसापासून वडील मद्यत्यागाची शपथ देत नाहीत. याविषयी आपल्या मंडळींत मतभेद आहेत, हे मी जाणतो. परंतु विचार करून पाहावा. शपथ एका दिवसाची असते आणि तहान प्रत्येक संध्याकाळी लागते. शपथ मोडली की मनुष्य एकटा पडतो. आणि एकटेपण हेच दारूचे सर्वांत आवडते घर आहे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो, तेव्हा भगवंत अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. आपण शपथ देऊन वैराग्याची अपेक्षा करतो, आणि अभ्यासाची, म्हणजे तीच गोष्ट पुन:पुन्हा करीत राहण्याची, सोय मात्र करीत नाही. ही सोय ज्या एका साध्या रीतीने जगभर झाली आहे, तिचे नाव बैठक.

२. दोन मद्यप्यांची भेट

या रीतीचा उगम अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन या गावी झाला. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील गृहस्थ १९३५ सालच्या मे महिन्यात कामानिमित्त तेथे गेला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते. काम फसले. हॉटेलात एका बाजूस दारूचा गुत्ता, दुसऱ्या बाजूस टेलिफोन, आणि खिशात थोडेसे पैसे, अशी त्याची स्थिती झाली. आपण आता पिणार, हे त्याने ओळखले. आणि आपल्यासारखाच एखादा मद्यपी बोलावयास मिळेल काय, याची चौकशी त्याने टेलिफोनवरून सुरू केली. अशा रीतीने रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याची व त्याची गाठ पडली. डॉक्टर स्वतः दारूने जर्जर झालेले होते. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ द्यावयाचा नाही असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या पिण्याचा अखेरचा दिवस. तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे 'अनामिक मद्यपी', या संघाचा स्थापनादिन मानला जातो. संक्षेपाने यास 'एए' म्हणतात.

या कथेतील मर्म वाचकांनी लक्षात घ्यावे. बिल विल्सन डॉक्टरांना उपदेश करावयास गेला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. आजपर्यंत डॉक्टरांना पुष्कळांनी उपदेश केला होता, पण उपदेश करणारा त्या दुःखातून गेलेला नव्हता. ज्याला काटा रुतला आहे, त्याचे बोलणे काटा रुतलेल्यासच कळते. सारी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

भारतात या संघाचे काम १९५७ साली सुरू झाले. आज मुंबईत त्याचे मध्यवर्ती सेवा कार्यालय असून देशातील अनेक शहरांत बैठका भरतात.

३. आपल्या घरातील गोष्ट

हे परदेशी वृक्षाचे कलम आहे, अशी शंका कोणास येईल. परंतु आपल्या भूमीत त्यास ओलावा पूर्वीपासून आहे. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा मद्यमांस वर्ज्य करतो. आणि त्याची माळ टिकते ती दिंडीच्या व एकादशीच्या संगतीने. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगाव कीर्तने करून दारूविरुद्ध लोकांस जागे केले. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. श्रोत्याच्या तोंडूनच ते उत्तर वदवून घेत.

अलीकडच्या काळात पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट या दांपत्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांचे त्यास साहाय्य होते. ब्राउन शुगर ऊर्फ 'गर्द' या मादक पदार्थाने तरुण मुले उद्ध्वस्त होत होती, त्यातून या कार्याचा आरंभ झाला. पुढे दारूचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. रुग्ण घरी गेल्यानंतर काय, हा प्रश्न मुक्तांगणाने महत्त्वाचा मानला. म्हणून पाठपुराव्याच्या बैठका व रुग्णांच्या पत्नींचे गट यांवर तेथे भर आहे. उपचार काही आठवड्यांत संपतो. संगत संपवून चालत नाही, हा त्यातील बोध.

आता गरज किती आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून करविलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना या बाबतीत मदतीची गरज आहे. व्यसनाधीन अशा ३८ जणांमागे एकासच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाल्याचे दिसले. उरलेल्या ३७ जणांत आपल्या गल्लीतील कोणी नसेल, असे मानण्याचे कारण नाही.

दुकाने बंद करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आदी तीर्थक्षेत्रांत दारूविक्री बंद केली. असे निर्णय स्वागतार्ह होत. तथापि दुकान दूर गेल्याने तहान दूर जात नाही. ज्याला व्यसन जडले आहे, तो मोटारसायकल काढून पुढच्या गावी जातो. त्याच्या संध्याकाळची रिकामी जागा कोणीतरी भरावयास हवी.

४. बैठकीत काय घडते

मराठीत 'बैठक' म्हटले की दारूचीही बैठक आठवते. ही तिच्या नेमकी उलट समजावी. सभासद तिला 'मीटिंग' म्हणतात.

एखाद्या शाळेच्या, दवाखान्याच्या किंवा प्रार्थनास्थळाच्या आवारातील खोलीत दहावीस माणसे जमतात. प्रत्येक जण केवळ पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी आहोत, हे स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. नंतर एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्येच कोणी बोलत नाही, वाद घालीत नाही, सल्ला देत नाही. तासा-दीड तासाने बैठक संपते. प्रवेशशुल्क नाही, वर्गणी नाही. खोलीचे भाडे व चहा यांसाठी एक थैली फिरते, तिच्यात इच्छा असल्यास सभासदाने काही टाकावे. बाहेरच्यांकडून देणगी घेण्याची रीत नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. काल रात्री पिऊन आज आलेला मनुष्यही आत बसू शकतो, आणि त्याला 'पुन्हा ये' असेच सांगितले जाते. शपथ मोडलेल्यास देवळात तोंड दाखविणे अवघड जाते; येथे पडलेल्यासाठीच खुर्ची ठेवलेली असते.

'आजचा दिवस पिणार नाही' एवढाच निश्चय येथे करावयाचा असतो. हे आपणांस नवे वाटू नये. आपले गाव नर्मदेचे नाभिस्थान. परिक्रमावासी येथून रोज जाताना आपण पाहतो. संपूर्ण परिक्रमेचे हजारो किलोमीटर तो एका वेळी मनात आणीत नाही. आज सायंकाळचा मुक्काम गाठावयाचा, एवढेच पाहतो. आणि म्हणूनच परिक्रमा पुरी होते.

या पद्धतीचा उपयोग खरोखर होतो काय? कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० साली २७ अभ्यास व १०,५६५ व्यक्ती यांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णास एएच्या बैठकांकडे नेणारी सुव्यवस्थित उपचारपद्धती, अखंड मद्यत्याग टिकविण्याच्या बाबतीत इतर प्रचलित मानसोपचारांपेक्षा सरस ठरते, असा तिचा निष्कर्ष आहे. अर्थात सर्वांस एकच औषध लागू पडते असे नाही. परंतु हे केवळ भाबडेपण नाही, एवढे निश्चित.

५. बैठकीच्या आधी वैद्य

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर जिवास धोका होऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत हात कापणे, घाम, ओकाऱ्या आणि कधी कधी मिरगीसारखे झटके येतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसे व प्राणी दिसू लागतात. यास भुताटकी समजून मनुष्यास देवळात किंवा मांत्रिकाकडे नेऊ नये; तत्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. म्हणून क्रम असा असावा : आधी डॉक्टर, मग बैठक, आणि पुढे दोन्हीही.

दुसरी गोष्ट. दारू सोडविण्याचे औषध चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळून देण्याचा सल्ला अनेक जण देतात. हे कदापि करू नये. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असता दारू प्याल्यास चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो, प्रसंगी प्राणही जातो. ते रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते.

तिसरी गोष्ट. व्यसनमुक्तीच्या नावाखाली मारहाण करणाऱ्या किंवा साखळीने बांधून ठेवणाऱ्या जागीही काही कुटुंबे अज्ञानाने आपल्या माणसास सोडून येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मद्यासक्तीमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचाही समावेश होतो, आणि रुग्णास साखळीने बांधण्यास त्यात स्पष्ट मनाई आहे. जेथे घरच्यांस भेटू देत नाहीत, तेथे आपला मनुष्य ठेवू नये.

६. योग्य बैठक कशी ओळखावी

आता मुख्य विषयाकडे येतो. पूर्वी सांगितलेल्या गृहस्थांची उरलेली हकीकत येथे उपयोगी पडेल. शपथ मोडल्यानंतर वर्षभराने ते इंदुरास बहिणीकडे राहावयास गेले. मेहुण्यांनी त्यांना एका बैठकीस नेले. तेथील बोलणे बहुतांशी इंग्रजीत चाले. धोतरातील हे एकटेच. तासभर ते भिंतीकडे पाहत बसले आणि बाहेर पडून म्हणाले, "हे आपल्यासाठी नाही." दुसऱ्या बैठकीत त्यांच्या ओळखीचा एक व्यापारी दिसला, म्हणून ते दारातूनच परतले. तिसरी बैठक रात्री साडेसातची, हिंदीतील. तेथे रिक्षाचालक, कारकून, एक निवृत्त शिक्षक असे लोक होते. एका रिक्षाचालकाने सांगितले, की मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आपण पिऊन टाकले. गृहस्थ मान खाली घालून ऐकत होते. त्यांनीही तेच केले होते. ते तेथे थांबले. पहिल्या बैठकीनंतर 'पाहिले, जमत नाही' म्हणून घरच्यांनी नाद सोडला असता, तर काय झाले असते? पहिली बैठक वाईट नव्हती. ती त्यांची नव्हती, एवढेच.

या अनुभवावरून आणि इतरांकडून जे समजले त्यावरून पुढील कसोट्या देतो.

पहिली कसोटी वेळेची. ज्या घटकेस हात पेल्याकडे जात असे, त्याच घटकेस बैठक असावी. सकाळची बैठक चांगली; पण ज्याची तहान सायंकाळची आहे, त्याला सायंकाळचीच हवी.

दुसरी अंतराची. जी बैठक शेवटची बस सुटण्यापूर्वी संपत नाही, तिला मनुष्य महिन्याभरात जाईनासा होतो. मात्र अगदी घराशेजारची बैठकही नेहमीच उत्तम नसते. लहान गावात प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. लज्जेमुळे पाऊल अडत असेल, तर दुसऱ्या गावची बैठक धरावी. गाडीभाड्यास जे पैसे लागतील, ते दारूच्या खर्चाहून कमीच असतील.

तिसरी भाषेची. मनुष्य हिशेब कोणत्याही भाषेत करील, पण रडतो तो आपल्याच भाषेत. आपल्या भागातील बैठका हिंदीत चालणार, आणि आपणांपैकी बहुतेकांस ती घरच्यासारखीच आहे. ज्याला मराठीच हवी, त्याने महाराष्ट्रातील बैठकांत दूरध्वनीवरून सामील व्हावे.

चौथी प्रकाराची. काही बैठका खुल्या असतात; तेथे घरचे लोक व जिज्ञासू बसू शकतात. काही बंद असतात. तेथे केवळ मद्यपीच बसतात. नवख्याने पत्नीस किंवा भावास घेऊन आधी खुल्या बैठकीस जावे. मन मोकळे करावयाचे झाल्यास पुढे बंद बैठक अधिक बरी. मोठ्या शहरांत स्त्रियांच्या वेगळ्या बैठकाही असतात. स्त्रियाही पितात, आणि लोकलज्जेने अधिक लपून पितात, हे आपण मान्य करावयास हवे.

पाचवी आचाराची. चांगल्या बैठकीत नुकताच आलेला आणि दहा वर्षे न प्यालेला, असे दोन्ही प्रकारचे लोक दिसतात. नवागतास कोणी तरी आपला दूरध्वनी क्रमांक देऊन 'पिण्यापूर्वी फोन कर' म्हणतो. ऐकलेले बाहेर जात नाही. याउलट जेथे एकच मनुष्य गुरू होऊन बसतो, फी मागतो, उसने पैसे मागतो, डॉक्टरांचे औषध बंद करावयास सांगतो, किंवा आत बोललेले दुसऱ्या दिवशी बाजारात ऐकू येते, तेथून निमूटपणे उठावे व दुसरी बैठक शोधावी. त्यात पाप नाही.

सहावी कसोटी श्रद्धेची. काही ठिकाणी बैठक चर्चच्या आवारात भरते म्हणून आपली मंडळी बिचकतात. ती खोली भाड्याची असते. संघ कोणत्याही धर्मपंथाचा नाही. बैठकीत ईश्वराचा उल्लेख येतो, परंतु आपापल्या समजुतीचा ईश्वर, असा त्याचा अर्थ आहे. नर्मदामाईस मानणाऱ्याने नर्मदामाईच मानावी. ज्याची देवावर श्रद्धा नाही, त्यालाही दार बंद नाही.

या सहा कसोट्या एकाच बैठकीत उतरतील असे नाही. म्हणून एका भेटीवर निर्णय करू नये. मद्यप्यांच्या कुटुंबीयांचा जो संघ आहे, त्यात नवागतास निदान सहा बैठका पाहून मग मत बनवावयास सांगतात. ही सूचना मद्यप्यासही लागू पडेल. स्थळ पाहताना आपण एका घरावरून परतलो म्हणजे लग्नच करावयाचे नाही, असे ठरवीत नाही.

इंदूर आपल्या गावापासून शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. रोज तेथे जाणे अशक्य. अशांसाठी दोन मार्ग आहेत. २०२० च्या महामारीपासून दूरध्वनीच्या पडद्यावर बैठका मोठ्या प्रमाणावर भरू लागल्या. त्या रोज ऐकाव्यात, आणि महिन्यातून एकदोनदा तरी प्रत्यक्ष बैठकीस जावे. पडद्यावरील बैठकीसाठी दार लावता येईल अशी जागा व कानात लावावयाचे यंत्र असावे. ओसरीत सर्वांसमोर बसून मन मोकळे होत नाही. दुसरा मार्ग म्हणजे साथीदार शोधणे. दोन मद्यपी न पिण्याच्या हेतूने एकत्र बसले, की एएच्या दृष्टीने गट होऊ शकतो. अ‍ॅक्रन येथेही दोघेच होते.

चौकशीसाठी शासनाचा व्यसनमुक्तीविषयक निःशुल्क क्रमांक १४४४६ आहे. मानसिक आरोग्यविषयक 'टेलीमानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. गावोगावच्या बैठकांची माहिती एएच्या मुंबई कार्यालयाकडून मिळते.

७. घरच्यांचे कर्तव्य

घरात एक जण पितो आणि आजारी सगळे पडतात. बाटल्या शोधणे, त्या मोरीत ओतणे, कचेरीत खोटे निरोप धाडणे, उधारी फेडणे यांत पत्नीचे व आईचे आयुष्य जाते. अशांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' हा वेगळा संघ १९५१ साली अमेरिकेत स्थापन झाला. बिल विल्सनची पत्नी लोइस ही त्याच्या संस्थापकांपैकी. भारतातही त्याच्या बैठका भरतात. तेथे प्रथम हे शिकावयास मिळते, की त्याच्या दारूचे कारण आपण नव्हे, आणि आपल्या धाकाने ती सुटणारही नाही. हे कळले की अपराधाचे ओझे उतरते आणि डोके शांत राहते. मनुष्य बैठकीस जावयास तयार नसला, तरी पत्नीने आपल्या बैठकीस जाणे थांबवू नये.

मुलाबाळांची शपथ घालू नये. पिऊन आलेल्याशी वाद घालू नये. सकाळी, शुद्धीवर असताना, दोन वाक्यांत बोलावे. मारहाण होत असेल तर सहन करणे हा पतिव्रताधर्म नव्हे. मुलांसह सुरक्षित ठिकाणी जावे. आणि बैठकीस जाऊ लागलेला मनुष्य एकदा घसरला, तर 'शेवटी तू तसाच' असे म्हणू नये. त्या वेळी एकच विचारावे : "पुढची मीटिंग कधी आहे?"

८. मंडळास एक विनंती

शेवटी आपल्या मंडळाच्या विचारार्थ एक सूचना मांडतो. आपली एक खोली आठवड्यातून एका सायंकाळी अशा बैठकीसाठी द्यावी. खोली द्यावी, कारभार घेऊ नये. दारात कोणी उभे राहून कोण आले ते पाहू नये, वहीत नावे लिहू नयेत, शेवटी प्रवचनही ठेवू नये. संघ नाममात्र भाडे देऊ करील ते घ्यावे, कारण फुकट काही न घेण्याची त्यांची रीत आहे.

आपल्याच गावचा मनुष्य ओळखीच्या भीतीने आपल्या खोलीत येणार नाही, ही अडचण खरी आहे. परंतु आपला मनुष्य खातेगावास किंवा पैलतीरावरून हरद्यास जाईल, आणि तेथील मनुष्य आपल्याकडे येईल. प्रत्येक गावाने दुसऱ्या गावच्या दुखणाईतास जागा द्यावी, म्हणजे कोणालाच लाजावे लागणार नाही. परक्या परिक्रमावासीयास आपण नाव न विचारता सदावर्त देतो. हेही त्याच जातीचे अन्न आहे.

ते गृहस्थ आता पुन्हा देवळात येतात. मधल्या काळात ते एकदा घसरले. तेव्हा त्यांनी त्या रिक्षाचालकास फोन केला आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत जाऊन तसे सांगितले. गेल्या नर्मदाजयंतीस ते घाटावर होते. वडिलांनी त्यांना शपथेविषयी काही विचारले नाही. त्यांनीच आपणहून सांगितले, "गुरुजी, आज प्यायलो नाही." वडिलांनी त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला.

मननासाठी प्रश्न

१. शपथ आणि अभ्यास यांत काय भेद आहे? आपल्या घरात आपण कोणत्या गोष्टीवर अधिक भर देतो?
२. दारू एकाएकी बंद केल्यास कोणती लक्षणे धोक्याची समजावी? तेव्हा प्रथम काय करावे?
३. बैठकीच्या सहा कसोट्यांपैकी आपल्या माणसासाठी सर्वांत महत्त्वाची कोणती? त्याला विचारून उत्तर द्यावे.
४. शपथ मोडलेला मनुष्य देवळाच्या पायरीवर दिसला, तर आपण त्याच्याशी पहिले वाक्य कोणते बोलू?